पंचफुलाबाईंची विहीर आणि अर्जाची शेवटची ओळ

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात आपल्या कामाच्या आठवणी लिहिणारे लोक तीस-चाळीस वर्षं नोकरी करून, सत्काराची शाल घडी घालून ठेवल्यावर लिहायला बसतात. मी चोवीस वर्षांचा आहे आणि मला अजून कोणी शाल दिलेली नाही. माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी घरात ऐकली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदियाला आत्याकडे कॅलेंडरची मागची पानं वाचत वाचत शिकलो. वडील राइस मिलमध्ये पोती वाहतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे कुठे कसं बोलावं, किती बोलावं, हे मला अजून नीट कळत नाही. तरी संपादकांनी ‘चुकलं तर आम्ही सुधारून घेऊ’ असं म्हटलं, म्हणून धीर केला.

माझं काम म्हणजे मध्यप्रदेशातल्या बालाघाटला कचेरीच्या भिंतीबाहेर, कडुनिंबाखाली, टेंभरेकाकांच्या टेबलावर अर्ज टाइप करणं. पाच वर्षं झाली. टेंभरेकाका अर्जीनवीस आहेत. ज्याला लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारला लिहायची भीती वाटते, त्याचा अर्ज लिहून देणारा तो अर्जीनवीस. माणूस येतो, बाकावर बसतो आणि सुरू होतो. तो आजोबांपासून सुरुवात करतो. मध्ये म्हशीचा आजार येतो, भावजयीचं बोलणं येतं, कधी रडणंही येतं. त्यातून आम्हाला एक पान काढायचं असतं. वर कोणाला, मग विषय, मग आकडे घालून परिच्छेद. अर्ज हिंदीत असतो, बोलणं ज्याच्या त्याच्या भाषेत. काका अर्धं ऐकतात आणि बोटाने मला खूण करतात, की आता टाइप कर, आता थांब.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा बैहरकडचे एक गृहस्थ आले. त्यांचा बैल वाघाने नेला होता. भरपाईचा अर्ज असेल म्हणून मी फॉर्म काढला, तर ते म्हणाले, “वो नहीं चाहिए. पहले ये बताओ, बाघ किसका है?”

काका म्हणाले, “सरकार का.”

“मेरा बैल दूसरे के खेत में घुसे तो कोंडवाड़े में डालते हैं ना? तो सरकार का बाघ मेरे कोठे में घुसा, उसको काहे नहीं डालते?”

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी तो अर्ज तसाच्या तसा लिहून घेतला. संध्याकाळी टेबल आवरताना म्हणाले, “हसू नको. त्याचा प्रश्न बरोबर हाय. उत्तर कोनापाशी नाई, एवढंच.” पुढे राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी ‘कायद्यापुढे समानता’ शिकवली, तेव्हा मला तो बैलवाला आठवत राहिला.

पण प्रत्येक अर्ज काका असे तसाच्या तसा लिहीत नसत. पस्तीस वर्षांत त्यांनी प्रत्येक कामाचा एक ठरलेला मजकूर बनवला होता. तो सगळा संगणकात होता. नाव-गाव बदललं की झालं. अतिक्रमणाची नोटीस आली की काढायचा तो मजकूर वेगळा. त्याचा शेवट असा होता: जागा शासनाची आहे, परंतु प्रार्थी गरीब आहे, दया करून कब्जा कायम ठेवावा. काका मला म्हणायचे, “सरकारपुढं मानूस वाकते, तं त्याचा कागदबी वाकला पायजे. साहेबाले वाकलेला कागद लवकर वाचता येते.” मला ते फार मोठं शहाणपण वाटायचं. नोटीस घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण खरंच सरकारी जागेवर झोपडं बांधून राहिलेले असत. त्या ओळीने कित्येकांची झोपडी वाचलेली मी पाहिली आहे.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा पंचफुलाबाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात. नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. गाव राजेगावच्या अलीकडे.

“बसा आजी,” मी म्हटलं.

“आजी नको म्हनू, पोरा. माहे नातू नागपूरले हायत, ते म्हनतात तेवढं पुरे. पंचफुलाबाई म्हन.”

त्यांच्या घरामागे एक विहीर होती. सासऱ्यांनी आणि दोन दिरांनी खोदलेली. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत, त्या काळातली गोष्ट. मालगुजाराकडून, म्हणजे तेव्हाच्या जमीनदाराकडून, जागेचा तुकडा घेतला, तसा कागद केला आणि तिघांनी खडक फोडला. खूप वर्षांनी एका सरकारी खात्याने (नाव लिहीत नाही) दुरुस्तीच्या योजनेत विहिरीला सिमेंटचा कठडा बांधला आणि त्यावर आपलं नाव रंगवलं. पंचफुलाबाईंना वाटलं, बरं झालं, लेकरं पडणार नाहीत. पुढे केव्हातरी जमिनीच्या नोंदीत विहिरीपुढे ‘शासकीय’ असा शब्द चढला. कोणी चढवला, केव्हा, कोणाला विचारून, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता त्या खात्याला तिथे इमारत बांधायची होती. विहीर बुजवायची होती. नोटीस सात दिवसांची होती.

“दोघं आले,” पंचफुलाबाई सांगत होत्या. “चपला घालून सीध्धे इहिरीपाशी गेले. फीत टाकली, मोजलं, कठड्यावर लाल रंगानं नंबर टाकला अन् चालले. अरे, मानूस दुसऱ्याच्या आंगनात येते तं खाकरते तरी! सरकार खाकरलं बी नाई.”

“सरकारले खोकला होत नाई, बाई,” काका म्हणाले, आणि मला बोटाने खूण केली. टाइप कर.

मी केलं. सासरे, दीर, मालगुजाराचा कागद, सगळं लिहिलं. खाली ठरलेला शेवट होताच. त्या म्हणाल्या, “वाचून दाखव.” मी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपाशी आलो तेव्हा पुढचं गिऱ्हाईक घाई करत होतं. मी म्हटलं, “खालचं सगळ्यायच्या अर्जात सारखंच रायते.” त्यांनी मान हलवली आणि अंगठा दिला.

दीड महिन्याने हुकूम आला. अर्ज नामंजूर. कचेरीतल्या बाबूने तो आम्हाला वाचून दाखवला. “अम्मा, आपने तो खुद लिखा है कि जमीन शासन की है. फिर साहब क्या करेंगे?”

“म्या?” पंचफुलाबाई माझ्याकडे वळल्या. “म्या कवा म्हनलं असं?”

त्या मला विचारत होत्या, बाबूला नाही. माझ्या तोंडून ‘पाहतो’ एवढंच निघालं. नंतर तीन दिवस मी टेबलावर गेलोच नाही. कॉलेजात मागच्या बाकावर बसून राहिलो. सर काय शिकवत होते ते आठवत नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता. बसने त्यांच्या गावी गेलो. त्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, “पंचफुलाबाई, ते मी लेहलं होतं. तुमाले वाचून नाई दाखोलं.”

“काहून लेहलं गा?”

“सगळ्यायच्या अर्जात लेहतो.”

सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच त्या म्हणाल्या, “मंग तुमी सगळ्यायलेच चोर केलं म्हना.”

अजूनही ते वाक्य मला अधूनमधून ऐकू येतं. त्या ओळीखाली अंगठा देऊन गेलेल्या सगळ्यांची नावं मला आठवत नाहीत. त्यांच्यातले सगळेच काही सरकारी जागेवर नसतील. आम्ही विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी मला विहीर दाखवली. “वाक, पाह्य.” मी कठड्यावरून वाकलो. खाली काळा खडक, त्यावर पहारीचे घाव. हजारो. सगळे एका बाजूला कललेले, पण मध्येच एक पट्टा उलट्या बाजूला कललेला.

“ते वाकडे घाव माया लहान्या दिराचे. डावखुरा होता तो. मरून गेला, पन हात दिसून राह्यला ना त्याचा?”

दिसत होता. मी आजवर कागदावरची मालकी पाहिली होती. खसरा (आमच्याकडचा सातबारा), नक्कल, शिक्का. दगडात कोरलेली मालकी पहिल्यांदा पाहिली. हे घाव पडले तेव्हा हे मध्यप्रदेश राज्यही आजच्या रूपात नव्हतं, राजधानी नागपूर होती. राज्य बदललं, राजधानी बदलली, डावखुऱ्या हाताचा घाव तिथेच होता. मी किती वेळ वाकून राहिलो कोण जाणे.

घरात पाणी द्यायला त्या आत गेल्या. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, हातात पुस्तक असलेली. तीच तसबीर आमच्याही घरी आहे. माझा सगळा अभ्यास तिच्याखाली बसून झाला.

“तू कालेजात जाते,” त्या म्हणाल्या. “बाबाच्या हातातल्या त्या पुस्तकात माया इहिरीचं काई लेहलं हाय का?”

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. मी ते पुस्तक प्रश्नोत्तरांतून पाठ केलं होतं, उघडलं कधी नव्हतं. मी खरं तेच सांगितलं, “मले माईत नाई. पाहून सांगतो.” या वेळचं ‘पाहतो’ मी पाळलं.

कॉलेजच्या ग्रंथालयात संविधानाची हिंदी प्रत होती. दोन दिवस लागले. पुष्कळ मागे, तीनशेव्या कलमाला चिकटून, एका ओळीचं कलम सापडलं. कोणाचीही मालमत्ता कायद्याच्या अधिकारानेच काढून घेता येईल. आणि शेवटी दोन शब्द: अन्यथा नहीं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या आयुष्यात सरकार लोकांना ‘नाही’ म्हणतं, हेच मी पाहिलं होतं. रोज, कडुनिंबाखाली. सरकारला कोणीतरी आधीच ‘नाही’ म्हणून ठेवलं आहे, तेही इतक्या शांतपणे, हे मला ठाऊकच नव्हतं. ग्रंथपालबाईंनी विचारलं, “तबीयत ठीक है?” बहुतेक मी फार वेळ त्याच पानावर होतो.

सरांकडे गेलो. ते म्हणाले, “हा हक्क आधी मूलभूत हक्कांमध्ये होता. नंतर तिथून काढून मागे ठेवला. असं समज, देवघरातून ओसरीवर आणला. पण घराबाहेर काढला नाही.” मग म्हणाले, “सरकार जमीन घेऊच शकत नाही असं नाही. घेऊ शकतं. पण कारण सांगून, तुमचं ऐकून, कायद्याने ठरवलेल्या वाटेने. मधूनच कुंपण ओलांडून नाही.” त्यांनीच सांगितलं, की जबलपूरला हायकोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो.

पंचफुलाबाईंना जाऊन सांगितलं, त्यांचे कागद घेतले आणि जबलपूरला गेलो. तिथल्या वकील मॅडमनी सगळे कागद पाहिले. मालगुजाराचा कागद मराठीत होता. आमच्या कचेरीत ‘ये यहाँ नहीं चलेगा’ म्हणून परत केलेला. मॅडमनी मला त्याचं हिंदी करायला सांगितलं. आत्याच्या कॅलेंडरवर शिकलेली माझी मराठी त्या दिवशी हायकोर्टात जायला निघाली. मॅडमनी आणखी एक सांगितलं. मालगुजारी संपली तेव्हाच्या कायद्यातही लोकांच्या खासगी विहिरी लोकांच्याच राहतील असं म्हटलेलं होतं. मला वाटलं, केवढ्या गडबडीत एक देश उभा राहत होता, आणि कोणीतरी थांबून विहिरीचाही विचार केला होता.

“सगळं ठीक आहे,” मॅडम हिंदीत म्हणाल्या, “पण ही शेवटची ओळ गळ्यात अडकते. ही कशी आली, ते शपथेवर कोणी सांगेल का?”

सांगणारा मीच होतो. पण शपथपत्रात टेबल येणार, टेबल म्हणजे टेंभरेकाका येणार. पस्तीस वर्षांत त्यांच्या कागदावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी बालाघाटला परत आलो आणि काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा माणूस बोलावला. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलले, माझ्याशी नाही. खूणही केली नाही. मला वाटलं, संपलं. हे टेबल गेलं तर कॉलेजही गेलं.

संध्याकाळी संगणकावर कापड टाकताना म्हणाले, “लेह.”

“काय लेहू, काका?”

“जे झालं ते. माया नावासकट लेह. सवय माई होती, बोटं तुये होते.” कापडाची टोकं खाली खोचत म्हणाले, “अन् उद्या सकाळी येऊन आधी ते ओळ मशीनमधून काढ. मले काढता येत नाई, नाई तं आताच काढली असती.”

दुसऱ्या दिवशी मी ओळ काढली. काका शेजारी उभं राहून पाहत होते. तिच्या जागी काय घालायचं, ते आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. ती जागा अजून कोरी आहे. आता प्रत्येकाला विचारूनच भरतो. कामाला वेळ लागतो.

पहिल्या तारखेला पंचफुलाबाई माझ्याबरोबर जबलपूरला आल्या. इमारत पाहून त्यांनी चपला पायरीखाली काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, इथे चालते. त्यांनी काही ऐकलं नाही. आत यादी लावली होती. मी नाव शोधलं आणि बोट ठेवून वाचलं: पंचफुलाबाई विरुद्ध मध्यप्रदेश शासन.

“सरकारचं नाव माया खाली काहून?”

“तुमी विचारून राह्यल्या. त्याले उत्तर द्याचं हाय.”

त्यांनी मान वर करून दोन्ही ओळी पाहिल्या. “एवढं मोठं सरकार, माया खाली. मंग त्याले बसाले खुर्ची तरी दिली का?”

आमचा नंबर दुपारी लागला. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. मला निम्मं समजलं नाही. पण एक प्रश्न समजला. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, की ही विहीर तुम्ही कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने घेतली? आवाज चढवला नाही. वकिलांनी फाइल पुढून मागे चाळली, मग मागून पुढे चाळली. पंचफुलाबाईंच्या अर्जातली ती ओळ त्यांनी दाखवली. न्यायाधीश म्हणाले, बाईंनी काय लिहिलं ते मी वाचलं आहे, तुम्ही काय केलं ते विचारतो आहे. वकिलांनी वेळ मागितली.

एका डावखुऱ्या माणसाने बाप-भावाबरोबर खोदलेल्या विहिरीसाठी सगळं राज्य वेळ मागत होतं. शेजारी पंचफुलाबाई अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “काय म्हनून राह्यले?” मी म्हटलं, “सरकार कागद शोधून राह्यलं.” त्या म्हणाल्या, “शोधू दे. माया सासऱ्यानंबी पानी तीस हातावर शोधलं.”

त्या दिवशी विहिरीला हात लावायची मनाई झाली. मग तारखा पडत गेल्या. मी बीए झालो, कायद्याच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. कागद काही सापडला नाही. शेवटी निकाल लागला. मॅडमनी तो फोनवर पाठवला. त्याचा अर्थ असा होता: ही जमीन घेण्याची कायदेशीर कारवाई कधी झालीच नाही. ‘शासकीय’ ही नोंद मालकाला न विचारता केली, ती रद्द. भीतीने केलेल्या विनवणीतून सरकारला मालकी मिळत नाही. जमीन हवीच असेल, तर शासनाने कायद्याच्या वाटेने यावं. मी तो टेबलावर काकांना वाचून दाखवला. विनवणीचा भाग आला तेव्हा काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “पुन्हा वाच.”

पण जबलपूरचा कागद आमच्या नदीकाठच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागतो. एक महिना गेला, दोन गेले. नोंद बदलली की नाही, कळायला मार्ग नव्हता. कठड्यावरचा लाल नंबर तसाच होता. निकाल लागूनही विहीर बुजल्याच्या गोष्टी मी टेबलावर ऐकल्या होत्या. कोणत्याही सकाळी विहीर बुजवायला मशीन येऊन उभी राहील, असं मला वाटत राहायचं. पंचफुलाबाईंना फोन करायचा धीर होत नव्हता.

मागच्या आठवड्यात, हा लेख अर्धा लिहून झाला होता तेव्हा, त्यांचाच फोन आला. एवढ्या जोरात बोलत होत्या, की शेजारी काकांनाही ऐकू जात होतं.

“पोरा, तेच दोघं आलते. नवा कागद घेऊन. माया नावाचा.”

“मंग? अंदर आले?”

“कायचे अंदर? कुंपनाच्या भाईर उभे राह्यले. एकानं चपला काढल्या. मी तांदूळ पाखडून राह्यलती, आवाज ऐकू आला. म्या मान वर करून पायलं, तं दोघंबी उभेच. मंग म्या म्हनलं, या, इहिरीचं पानी पेऊन जा.”

“कायचा आवाज, पंचफुलाबाई?”

पलीकडे त्या हसल्या.

“सरकार खाकरलं, पोरा.”